खोडीच्या आधीची घटका

बालवाडीतील शिक्षिकेचे कौशल्य ज्या क्षणी खऱ्या अर्थाने कसास लागते, तो क्षण तिच्या पाठाच्या टाचणात बहुधा कोठेच नोंदलेला नसतो. गोष्ट रंगात आलेली असते, पंचवीस-तीस मुले मांडी घालून ऐकत असतात, आणि अशा वेळी एखादे साडेतीन वर्षांचे मूल उठून शेजारच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावते, किंवा ठोकळ्यांनी भरलेली पेटी उपडी करून त्यांतला एक ठोकळा भिंतीवर भिरकावते, किंवा जमिनीवर लोळण घेऊन असा आक्रोश मांडते की, येणारीजाणारी माणसे खिडकीशी थांबून आत डोकावू लागतात. त्या क्षणी शिक्षिका काय बोलते, कोठे उभी राहते, तिचा हात कोणत्या दिशेने जातो, यांवर त्या वर्गातील प्रत्येक मुलाचा पुढल्या कित्येक महिन्यांचा विश्वास अवलंबून असतो, हे मला मुंबईच्या गिरणगावातील एका बालवाडीत काढलेल्या वर्षांनी शिकविले. त्याच वर्षांनी आणखीही एक गोष्ट शिकविली आणि ती मला अधिक मोलाची वाटते: तो क्षण येण्यापूर्वीच्या पाच-दहा मिनिटांत जे घडून गेलेले असते, तेथेच त्या वर्तनाचे मूळ आणि त्यावरील उपाय ही दोन्ही बहुधा एकत्र सापडतात.

आमची बालवाडी परळ भागातील एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर भरत असे. दालन लांबट, दोन्ही टोकांस दरवाजे असलेले. सायंकाळी तेथे तालीम चाले आणि भाद्रपदात गणपती बसे. १९८२ पूर्वीच्या त्या काळी मुंबईत साठाच्या आसपास कापडगिरण्या होत्या व सुमारे अडीच लक्ष कामगार त्यांत तीन पाळ्यांनी राबत असत. आमच्याकडे येणारी मुले बहुतांशी त्यांचीच. कोणाचे वडील साचेखात्यात, कोणाचे सूतखात्यात. कोणी मूळचे रत्नागिरीकडचे, कोणी साताऱ्याकडचे. घर म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली, तीत सहासात माणसे, आणि खोलीबाहेर साऱ्या मजल्याची सामाईक गॅलरी. गिरणीच्या भोंग्यावर त्या घरांतील जेवणे, झोपा, पाहुण्यांचे येणेजाणे, इतकेच काय पण मुलांचे हसणेखिदळणेही बांधलेले असे. हे सारे मला पुढे तपशीलवार कळत गेले, आणि जसजसे कळत गेले तसतशी माझ्या वर्गातील मुलांच्या वागण्याची संगती लागत गेली.

प्रशिक्षणाच्या काळात आम्हां विद्यार्थिनींस डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले होते. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा जो प्रयोग आरंभिला, तोच पुढे कोसबाडला स्थिरावला. तेथे ऐकलेल्या हकिकतींपैकी एक माझ्या मनावर कायमची कोरली गेली. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, आणि आली तर टिकेनात. पोरांना बसण्याची सवय नाही, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असा शेरा मारून मोकळे होणे त्या काळी सहज शक्य होते व पुष्कळांनी तो मारलाही असेल. परंतु ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या घरांच्या अंगणात नेली, आणि पुढे जी मुले गुरे राखण्यास जात त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरविली. मूल ठरलेल्या व्यवस्थेत बसत नाही असे दिसताच त्या बाईंनी व्यवस्थेची फेरतपासणी केली. परळच्या चाळीत ना कुरण होते ना अंगण. तथापि फेरतपासणी करण्याची ती वृत्ती मात्र कोठेही सोबत नेता येण्याजोगी होती.

तिचा पहिला उपयोग मला दालनाच्या मांडणीत झाला. मुले आत शिरताच एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत धावत सुटत, एकमेकांवर आदळत, आणि दिवसाची सुरुवातच रडारडीने होई. आमच्या मदतनीस मावशी, ज्यांचे डोळे माझ्यापेक्षा अधिक सरावलेले होते, त्या एके दिवशी म्हणाल्या, "बाई, एवढी मोकळी वाट समोर दिसल्यावर पोर धावणार नाही तर काय करील? घरात त्याला चार पावलंसुद्धा सरळ टाकता येत नाहीत." आम्ही दोघींनी मिळून साहित्याची दोन ठेंगणी कपाटे भिंतीपासून ओढून दालनाच्या मध्ये आडवी लावली, त्यांच्यामधून वळणावळणाची वाट ठेवली, एका बाजूस चटया पसरल्या, दुसऱ्या बाजूस पाण्याचे व मातीचे काम मांडले. धावण्याची हौस भागावी म्हणून रोज पहिली वीस मिनिटे चाळीच्या मागच्या पटांगणात काढावयाची असा शिरस्ता घातला. मुलांना उद्देशून एकही नवा नियम आम्ही उच्चारला नाही, आणि सकाळची ती पडापड जवळजवळ थांबली. नळावर हात धुण्यासाठी सगळ्यांना एकदम रांगेत उभे करण्याची पद्धतही अशीच मोडीत काढली. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वस्थ उभे राहून वाट पाहावयास लावणे म्हणजे ढकलाढकलीस आमंत्रण देणे होय. निम्मी मुले नळाशी आणि निम्मी मावशींबरोबर गाणी म्हणत बसलेली, एवढ्या तजविजीने ते प्रकरण मिटले.

सगळीच प्रकरणे कपाटे सरकवून मिटणारी नव्हती. ज्या मुलांचे वर्तन पुन्हा पुन्हा अडचणीचे होई, त्यांच्यासाठी मी एक नोंदवही ठेवू लागले व तिच्यासाठी स्वतःस एक बंधन घालून घेतले की, तीत विशेषण लिहावयाचे नाही. दांडगा, हट्टी, द्वाड, लाडावलेला हे शब्द तपासाला आरंभ होण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे होतात. तेव्हा वेळ कोणती, जागा कोणती, आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर त्याला काय लाभले, एवढीच पाच सदरे मी आखीत असे. शेवटचे सदर शिक्षिकांना विचित्र वाटते, परंतु माझ्या मते तेच सर्वांत बोलके. ठोकळा फेकणाऱ्या मुलाला त्याबद्दल सगळ्या वर्गाचे लक्ष आणि बाईंचा संपूर्ण चेहरा मिळत असेल, आणि शांतपणे मनोरा रचणाऱ्या मुलाला कोणी ढुंकूनही पाहत नसेल, तर त्या वर्गात आपण नकळत काय शिकवीत आहोत हे तेथे पांढऱ्यावर काळे होऊन दिसते.

चावण्याची एक हकिकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. करीमनगर जिल्ह्यातून नुकताच मुंबईस आलेल्या एका पद्मशाली विणकर कुटुंबातील मुलगा जूनमध्ये आमच्याकडे दाखल झाला. वय तीन वर्षांहून थोडे अधिक, अंगाने कृश, डोळे मोठे आणि सावध. त्याने पहिल्या महिन्यात इतक्या मुलांना चावले की, काही आयांनी आपली मुले त्याच्याजवळ बसवू नयेत म्हणून मला निक्षून बजावले. नोंदवहीची पाने चाळताना मला दिसून आले की, तो गोष्टीच्या वेळी कधी चावत नाही, मातीकामात चावत नाही, पटांगणात तर मुळीच नाही. कोणी त्याच्या हातातील वस्तू ओढली किंवा त्याला हवी असलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती असली की, तेव्हा आणि तेव्हाच चावतो. इतर मुले अशा वेळी "माझं आहे", "दे ना", "मला नको" असे काहीतरी बोलत. या मुलाजवळ त्या घटकेला उपयोगी पडेल असा एकही मराठी शब्द नव्हता, आणि त्याच्याजवळ जे शब्द होते ते आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते.

मी त्याच्या आईकडे गेले. तिला मराठी बेताचेच येई, पण शेजारची एक वयस्क बाई दुभाषी झाली. चार तेलुगू शब्द मी वहीत देवनागरीत उतरवून घेतले: 'नादि' म्हणजे माझे, 'इव्वु' म्हणजे दे, 'वद्दु' म्हणजे नको, 'नीळ्ळु' म्हणजे पाणी. दुसऱ्या दिवशी गोलात बसल्यावर मी सगळ्या मुलांना हे शब्द एक खेळ म्हणून शिकविले. बाहुली पुढे करावयाची, आणि मुलांनी तळहात आडवा धरून मोठ्याने "वद्दु" म्हणावयाचे. मुलांना तो शब्द विलक्षण आवडला. आठवडाभरात सारे दालन वद्दु-वद्दु म्हणू लागले, आणि तो मुलगा, जो आजवर गोलाच्या कडेला अंग चोरून बसे, तो मधोमध उभा राहून इतरांचे उच्चार दुरुस्त करू लागला. त्याच्या मागे मी आणखी काही दिवस अगदी हाताच्या अंतरावर बसत असे, आणि कोणी त्याच्या वस्तूस हात घातला की, त्याचे तोंड पुढे होण्याच्या आत त्याचा तळहात आडवा धरून त्याच्यासाठी तो शब्द उच्चारीत असे. पुढे तो स्वतःच उच्चारू लागला, आणि काही महिन्यांनी मराठीतून भांडूही लागला. मुलांची शाब्दिक भांडणे ऐकून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. चावणे एका दिवसात थांबले असे मात्र नाही. ते विरळ होत गेले, तापातून उठल्यावर पुन्हा एकदा उसळले, आणि मग संपले.

या काळात ज्यांना चावले गेले त्या मुलांचाही विचार करणे प्राप्त होते, आणि तो पुष्कळदा राहून जातो. आमचा संकेत असा होता की, शिक्षिकेने प्रथम दुखावलेल्या मुलाकडे जावयाचे, त्याला जवळ घ्यावयाचे, आणि ज्याने दुखविले त्यालाही तेथेच, शेजारी, आपल्या दुसऱ्या हाताशी ठेवावयाचे. त्याला ओल्या फडक्याची घडी हातात देऊन ती दुखऱ्या जागी धरण्यास सांगावयाचे. "माफी माग" असे मी कोणत्याही मुलास कधी सांगितले नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडून जबरदस्तीने काढलेली माफी हा निव्वळ एक आवाज असतो, आणि तो आवाज काढला की सुटका होते एवढेच ते शिकते. उलट दुसऱ्याच्या दंडावरील दातांच्या खुणांवर गार फडके धरून बसलेले मूल त्या खुणांकडे पाहत राहते, आणि त्याच्या मनात काहीतरी हलताना आपल्याला दिसते.

आरडाओरडा करणाऱ्या एका मुलाने मला गिरणीच्या पाळ्यांचे गणित समजावून दिले. चार वर्षांचा हा मुलगा काही आठवडे अत्यंत गोड वागे आणि काही आठवडे त्याचा आवाज टिपेला पोचलेला असे. प्रार्थनेच्या वेळी किंचाळणे, गोष्टीच्या वेळी डबा बडविणे, कोणी गप्प राहा म्हटले की अंगावर धावून जाणे. महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक लिहिल्यावर त्या आठवड्यांना काही आवर्तन असल्याचा संशय आला, आणि त्याच्या आईस सहज विचारले तेव्हा उलगडा झाला. वडिलांची रात्रपाळी आली की, ते सकाळी सातनंतर घरी येत आणि दुपारपर्यंत झोपत. त्या एकाच खोलीत त्या वेळात भांडे वाजता कामा नये, स्टोव्हचा आवाज होता कामा नये, आणि पोरांनी तर श्वासही हळू घ्यावा. आई गॅलरीत उभी राहून त्याला नुसत्या डोळ्यांनी दटावीत असे. बालवाडीची वेळ होईपर्यंत तो दोन तास मूकपणे काढून येई, आणि येथे आल्याबरोबर आम्ही त्याला हात जोडून, डोळे मिटून, पुन्हा शांत बसावयास सांगत असू.

आम्ही दिवसाचा क्रम बदलला. प्रार्थना मागे गेली, आणि पटांगणातून आल्यावर पहिले काम ढोलकी, झांजा व मोठ्याने म्हणावयाची बडबडगीते हे ठरले. त्या मुलास ढोलकी वाजविण्याचा मान रात्रपाळीच्या आठवड्यांत हमखास मिळे, अर्थात त्याचे कारण त्याला वा इतरांना कधी सांगितले नाही. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीत शांततेचा एक पाठ असतो. मुले आपणहून निःस्तब्ध होतात, आणि शिक्षिका दूरवरून अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव उच्चारते, तसे ते मूल पाऊल न वाजविता तिच्याकडे जाते. तो पाठ आम्ही दिवसाच्या शेवटास ठेवला. लादलेली शांतता आणि आपण निर्माण केलेली शांतता यांतील अंतर त्या मुलाच्या देहाला कळत असे, हे मी प्रत्यक्ष पाहिले. पहिले काही दिवस तो त्या पाठातून उठून जाई, आम्ही त्याला जाऊ देत असू, आणि मग एके दिवशी तो आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत अखेरपर्यंत बसून राहिला.

प्रत्यक्ष उद्रेकाच्या वेळी काय करावे, असे नव्या शिक्षिका मला वारंवार विचारतात. माझे उत्तर त्यांना अपुरे वाटते, कारण त्या वेळी करण्यासारखे थोडेच असते. मूल आक्रोश करीत असताना त्याला समजाविणे व्यर्थ होय. आवेग आवरण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो कपाळामागील मेंदूचा भाग पक्व होण्यास माणसाला पंचविशीपर्यंतचा अवधी लागतो असे शास्त्रज्ञ सांगतात, मग तीन वर्षांच्या जिवाकडून त्या घटकेला युक्तिवाद ऐकण्याची अपेक्षा कशी धरावी? मी जमिनीवर बसत असे, म्हणजे माझा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीस येई. मारण्यास उठलेला हात मी माझ्या हाताने अडवी, पण आवळीत नसे. बोलणे एक-दोन वाक्यांचे आणि नेहमीपेक्षा हळू: "तुला खूप राग आलाय. मी इथेच आहे. मारू द्यायची नाही." कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे करण्याची चाल आमच्याकडे नव्हती, मात्र एका खिडकीखाली गोधडी, दोन उशा आणि वाळूने भरलेली एक बाटली ठेवलेली होती, तेथे कोणीही, केव्हाही, आपल्या मर्जीने जाऊन बसावे अशी सवलत होती. कालांतराने मुले एकमेकांना सांगू लागली, "तू गोधडीवर जाऊन ये." मला स्वतःला त्या गोधडीइतका दुसऱ्या कोणत्याही शैक्षणिक साहित्याचा भरवसा वाटला नाही.

शांत वेळी मात्र बोलण्यास वाव असतो, आणि तेव्हा काय बोलावे हे शिक्षिकेने विचारपूर्वक ठरविले पाहिजे. "पळू नको", "सांडू नको", "ओढू नको" असा नकारांचा भडिमार झाला की, मुलाला काय करू नये ते कळते, पण काय करावे हे उमगत नाही. त्यापेक्षा "चालत ये", "दोन्ही हातांनी धर", "तिचं झाल्यावर माग" असे सांगितलेले ते लवकर उचलते. शाबासकीचेही असेच. "छान, हुशार" हे शब्द आपण इतके उधळतो की, त्यांतून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. "तू आज त्याला ढकललं नाहीस, बाजूला सरकून त्याला जागा दिलीस, ते मी पाहिलं" असे म्हटले की, आपले कोणते कृत्य बाईंच्या नजरेत भरले हे त्याला नेमके कळते. गोळ्या-बिस्किटांच्या आमिषाने सद्वर्तन विकत घेण्यास मी कधी राजी झाले नाही. गिजुभाईंनी मारण्यास व भिवविण्यास जितका विरोध केला तितकाच लालूच दाखविण्यासही केला, आणि माझा अनुभव त्यांच्या पक्षाची साक्ष देतो.

पालकांची गोष्ट निराळी आणि अधिक अवघड. "बाई, दोन रट्टे द्या, आमची काही तक्रार नाही," असे सांगून मुलाला माझ्या स्वाधीन करणारे वडील निर्दय नव्हते. ते मला आपला अधिकार वाटून देत होते आणि त्यामागे बाईंवरचा विश्वास होता. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली खरी, पण तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, आणि माझी मुले तर त्याहूनही लहान. शिवाय त्या काळी असा कोणताही कायदा नव्हता. मला जे काही मिळवावयाचे ते मन वळवूनच. त्यासाठी दोन पथ्ये मी कटाक्षाने पाळली. दाराशी, मुलाच्या देखत, त्याची तक्रार कधीही सांगावयाची नाही. कारण ती तक्रार घरी पोचेपर्यंत चपराकीत रूपांतरित होते, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल ती चपराक दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकते. आणि घरी जावयाचे ते पाळीची वेळ पाहून, चहा नाकारावयाचा नाही, व बोलण्याचा आरंभ त्या मुलाने केलेल्या एखाद्या चांगल्या गोष्टीने करावयाचा, तीही खरी, रचलेली नव्हे. एका साचेवाल्या बापाने आपला मुलगा लहान मुलांच्या चपला जुळवून ठेवतो हे ऐकून मला दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग आपण होऊनच म्हणाला की, "घरात याच्याशी माझं बोलणंच होत नाही, बाई, मी जागा असतो तेव्हा हा झोपलेला असतो."

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या हजेरीपटावर त्याचे पडसाद एकदोन महिन्यांतच उमटले. कित्येक कुटुंबे गावी निघून गेली. जी राहिली त्यांच्या घरांतील ताण मुलांच्या अंगात उतरला. शांत मुले चिडखोर झाली, मागे सुटलेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाल्याचे आया दबक्या आवाजात सांगू लागल्या, आणि खेळात मोर्चे आले. काठीला लाल चिंधी बांधून मुले दालनातून घोषणा देत फिरत, कपाटांच्या मागून 'पोलीस' निघत, धरपकड होई. हा खेळ बंद करावा असे मला एका पाहुण्या अधिकाऱ्याने सुचविले, पण मी तो बंद केला नाही. जे मुलांनी पाहिले आणि ज्याची त्यांना भीती वाटली ते त्यांनी खेळून काढले पाहिजे, यावर माझी श्रद्धा आहे. मी फक्त खऱ्या काठ्यांऐवजी कागदाच्या सुरळ्या दिल्या आणि पोलीस कोणी व्हावयाचे यात रोज पाळी लावली.

त्याच सुमारास एक मुलगी इतरांच्या बशांतील चणे-गूळ उचलून आपल्या परकराच्या ओच्यात लपवू लागली. मुले "चोर, चोर" म्हणून ओरडत. तो शब्द मी त्या दालनात टिकू दिला नाही. ती खात नव्हती, साठवीत होती, आणि साठवलेले घरी नेत होती, हे मावशींनी हेरले. घरी दोन वर्षांचा भाऊ होता. आम्ही खाऊ वाटण्याचे काम तिच्याकडे सोपविले. प्रत्येकाच्या बशीत एक-एक वाटी मोजून घालावयाची, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्यातून एक पुडी बांधून घरी न्यावयाची. ती पुडी जिला वा ज्याला हवी त्याला मिळेल असे मी उघडपणे जाहीर केले. पुड्यांची मागणी वाढली तेव्हा चाळीतील व्यापाऱ्यांकडे शब्द टाकला, आणि त्यांनी चणे दिले, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. त्या मुलीचे हात वाटी सरसकट काठोकाठ भरीत असत, आणि कोणाच्या बशीला हात घालणे तिने मग सोडून दिले.

सगळेच काही घरच्या परिस्थितीतून येते असे समजणे मात्र घातक ठरेल. हाका मारूनही न ऐकणारी, सूचना धुडकावून लावणारी एक मुलगी आम्ही परळच्या वाडिया बालरुग्णालयात नेली, तेव्हा तिचा एक कान वाहून वाहून जवळजवळ बधिर झाला असल्याचे निष्पन्न झाले. उपचार आणि पुढच्या रांगेत चांगल्या कानाच्या बाजूने बसविणे, एवढ्याने तिचा 'अवज्ञेचा' प्रश्न सुटला. आणि जी मुले काहीच त्रास देत नाहीत, दिवसेंदिवस एका जागी बसून असतात, त्यांच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. माझ्या नोंदवहीत त्यांच्यासाठीही काही पाने राखून ठेवलेली असत, कारण अशा मुलांची निश्चलता मला कित्येक दांडग्यांच्या धिंगाण्याहून अधिक काळजीची वाटत आली आहे.

पुढे नोकरीतून मोकळी झाल्यावर मला ठिकठिकाणच्या अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी बोलावणी येऊ लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचे सारे ओझे याच स्त्रियांच्या खांद्यांवर आहे. वजने, लसीकरणाच्या तारखा, आहाराचे हिशेब आणि निरनिराळ्या रजिस्टरांचा पसारा सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी मुलांना शिकवावे अशी आपली अपेक्षा असते, आणि हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. तरीही मी त्यांना आणखी एक वही ठेवण्यास सांगते, कारण ती सरकारला दाखविण्यासाठी नसते. एका बैठकीत असे सांगितल्यावर पुढल्या खेपेस एक तरुण सेविका आपली वही घेऊन आली. तिच्या अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी इतर मुलांनी काढलेली चित्रे फाडून टाकीत असे. सेविकेने तारखांपुढे वार लिहिले होते, आणि बहुतेक सगळे वार गावच्या बाजाराचे होते. त्या दिवशी त्या मुलीची आई बाजारात भाजी विकण्यास बसे, आणि वर्षाचा धाकटा भाऊ हिच्या कडेवर देऊन जाई. भाऊ मांडीवर असताना हिला खडू धरता येत नसे. सेविकेने मदतनीस बाईंशी बोलून बाजाराच्या दिवशी ओसरीवर साडीची झोळी बांधण्याची व्यवस्था केली, भावाला झोळीत घालून झोका देण्याचे काम मदतनीस बाईंनी आपल्याकडे घेतले, आणि त्या मुलीला आल्याबरोबर कागद व खडू मिळू लागले. हे सांगून झाल्यावर तिने मला विचारले की, तिच्याकडची आणखी दोन मुले रोजच अशी भावंडे सांभाळीत येतात, त्यांच्यासाठी काय करावे; आणि तिच्या त्या प्रश्नावर साऱ्या सेविका बोलू लागल्या, त्यांत त्या दिवशीची उरलेली बैठक खर्ची पडली.